मान आहे तशी

१

"तुमच्या पट्ट्यानं माणूस लुळा केला," मोठ्या सिस्टर फोनवर म्हणाल्या आणि मी 'कोण' म्हणायच्या आत फोन ठेवून मोकळ्या झाल्या.

सकाळचे आठ चाळीस झाले होते. कार्यशाळेतली गरम पाण्याची टाकी नुकतीच तापायला लागली होती. ती बंद केली आणि जिने चढले. बावीस वर्षं मी या इस्पितळात मानेचे, कमरेचे, पायांचे आधार बनवते आहे. पट्टेवाला म्हटलं की लोकांना शिपाई आठवतो, म्हणून मला पट्टेवाली म्हणताना सगळ्यांना फार गंमत वाटते. वाटू दे. पण ज्यांची मान मोडते ते माझ्याकडे येतात, आणि तेव्हा कुणाला हसू येत नाही.

अतिदक्षता विभागात घड्याळकाका झोपेच्या औषधाखाली पडले होते. तोंडात श्वासाची नळी होती. वय अडुसष्ट, धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. परवा दुकानात स्टुलावरून पडले आणि मानेच्या मणक्याला चीर गेली. कालपर्यंत त्यांचे हातपाय व्यवस्थित चालत होते. आज सकाळी पावणेआठला, वॉर्डातल्या खाटेवर, त्यांच्या मुलीनं हात धरला, तर तो नुसताच तिच्या हातात पडून राहिला.

खाटेशी अधीक्षक साहेब उभे होते. साहेब मूळचे कातडीचे डॉक्टर, अधीक्षक झाल्यापासून कागदांचे. "बारा वाजता यांना मोठ्या इस्पितळात हलवायचंय," ते म्हणाले. "तुमचा हा वाकडा प्रकार आता काढा. साधा कडक पट्टा घाला, मान सरळ करून."

"मान सरळ केलीत तर उरलंसुरलं तेही जाईल, साहेब. यांची मान वाकलेलीच ठेवायची. सर्जननी परवा माझ्यासमोर सांगितलंय."

"सर्जन विमानात आहेत, संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही. लेखी काही आहे?"

"आहे. खाटेवरच्या कार्डावर. मी स्वतः लिहिलंय."

साहेबांनी कार्ड माझ्या हातात दिलं. कार्ड नवं करकरीत होतं. त्यावर छापलेलं होतं, 'मान सरळ ठेवावी.' माझं अक्षर कुठंच नव्हतं.

मी घड्याळकाकांकडे पुन्हा पाहिलं. पट्टा माझाच होता, पण तो मी बांधला होता तसा नव्हता.

२

थोडं समजावून सांगायला हवं.

मानेचे पट्टे तीन तऱ्हांचे असतात. मान आखडली, दुखली, तर स्पंजचा मऊ पट्टा, तोही चार-आठ दिवस. हाडाला इजा झाली तर पेटीतून येणारा तयार कडक पट्टा: पुढचा भाग, मागचा भाग, हनुवटीला वाटी. आणि तिसरा, जी मान पेटीतल्या कुठल्याच मापात बसत नाही तिच्यासाठी मी घडवते तो. प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा आणि माणसाच्या अंगावर, तो आहे त्या अवस्थेत, वळवायचा.

घड्याळकाकांच्या पाठीचे आणि मानेचे मणके एका जुन्या आजारानं एकमेकांना जोडले गेलेत. त्यांची मान पुढे झुकली ती झुकलीच. अशा मानेला चीर पडली तर ती झुकलेलीच धरून ठेवावी लागते. सरळ करायला गेलं की चीर उघडते आणि आतली नस दाबली जाते. म्हणून मी तसा पट्टा घडवला, डोक्यामागे दोन उशा दिल्या आणि कार्डावरचा छापील 'सरळ' शब्द खोडून वर लिहिलं, 'आहे तशी.'

त्यांची हनुवटी छातीला जवळजवळ टेकलेली. त्यामुळे माझ्या पट्ट्याचा पुढचा भाग आधी खालून सरकवायचा आणि मागचा त्याच्यावर चढवायचा. आता मात्र पुढचा भाग वर होता आणि मागचा त्याच्याखाली. म्हणजे कुणीतरी पट्टा काढला होता आणि घाईत पुन्हा चढवला होता, तयार पट्टा चढवतात तसा, हाताच्या सवयीनं. श्वासाची नळी तर पट्टा न सोडताच घातली होती. मी ते साहेबांना दाखवलं.

"बांधताना तुमचंच चुकलं नसेल कशावरून?" साहेब म्हणाले. "बारापर्यंत पुरावा आणा, नाहीतर पट्टा बदला."

चूक सरळसरळ माझ्या गळ्यात मारायचा बेत होता. मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं बरं चालतं. डोक्यामागे चादरीच्या घड्या सारून मान आहे तशी टेकवली आणि पट्ट्याचं आधी ठरवून घेतलं: "बारा वाजेपर्यंत यांच्या मानेला कुणी हात लावायचा नाही. लावलात तर मी इथेच खाली बसून ओरडेन." साहेबांनी मान डोलावली. दहाला इस्पितळाच्या तपासणीची मंडळी यायची होती, त्यांना आरडाओरडा परवडणारा नव्हता.

बाहेर बाकावर मुलगी बसली होती. शाळेत गणित शिकवते, बोलतेही मोजून.

"मावशी, सात वाजता बाबांनी मला बोटं हलवून दाखवली होती. रोज दाखवायचे, दहाच्या दहा. मग मी चहाला गेले. साडेसातला आले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपलेत. उठवलं नाही." ती स्वतःचीच बोटं मोजत होती. "पंधरा मिनिटं मी नुसती शेजारी बसून होते."

"तू उठवलं असतंस तरी काही बदललं नसतं. त्यांच्या मानेला तू हात लावलास?"

"छे! तुम्ही दटावलं होतं ना. आणि बाबांची मान म्हणजे..." ती जरा हसली. "मी लहान असताना आम्ही गच्चीत पतंग बघायचो, तर बाबा आरसा घेऊन बसायचे. तीस वर्षांत त्यांनी वर म्हणून काही पाहिलेलं नाही. ना आभाळ, ना छत."

तेव्हा मी ते वाक्य नुसतं ऐकून घेतलं. माझा सगळा जीव त्या कार्डात अडकला होता.

३

मोठ्या सिस्टर वॉर्डात चादरींचे कोपरे ओढत होत्या. या बाईंसमोर डॉक्टरसुद्धा शर्टाची बटणं तपासतात.

"जुनं कार्ड कुठाय?"

"फाडलं," त्या म्हणाल्या. एका शब्दात, डोळ्याला डोळा देऊन.

मी तयारी करून आले होते ती खोटं ऐकायची.

"आज तपासणी आहे. कार्डावर खाडाखोड चालत नाही. अकरा कार्डांवर होती. सहा वाजता बसले, अकराच्या अकरा नव्यानं लिहिली आणि जुनी फाडून टाकली. दरवेळी असंच करते."

"माझा शब्दही उतरवलात का? 'आहे तशी'?"

"हातानं लिहिलेलं सगळं उतरवलं. नाव, वय, औषधं, वेळा." त्यांनी चादरीचा कोपरा आत खोचला. "छापलेलं तर छापलेलंच असतं ना. ते कोण वाचतं?"

कार्ड मी त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं. मग ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. बावीस वर्षांत मी या बाईला खुर्चीत बसताना पाहिलं नव्हतं. त्या बसल्या.

"तुम्ही खोडलं होतंत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, चुकून खोडलंय."

"आणि उशा?"

"एका खाटेला एक उशी. तपासणीचा नियम. पण त्यांच्या मी काढल्या नाहीत, आईशप्पथ. मी नुसतं सांगून ठेवलं होतं, ज्याला वेळ मिळेल त्यानं काढा म्हणून."

म्हणजे कार्ड बाईंनी बदललं. पण कार्ड स्वतः मान सरळ करत नाही. ते वाचून कुणीतरी हात घातला होता. या मजल्यावर छापलेलं वाचणारा एक माणूस होता आणि तो कोण ते बाईंना माहीत नव्हतं.

४

फिजिओ आणि मी एकमेकांना पाण्यात पाहतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी घातलेला मऊ पट्टा तो काढतो, त्यानं काढलेला मी पुन्हा घालते, आणि मधल्या मध्ये पेशंट बरा होतो.

"या, पट्टेवालीबाई," तो म्हणाला. "माझ्यावर संशय असणारच."

"तू लोकांचे पट्टे काढतोस."

"मऊ! पंधरा दिवस गळ्यात मिरवून ज्यांच्या मानेचे स्नायू पार आळशी होतात, त्यांचे. चीर गेलेल्या मानेला मी बोटही लावत नाही. मला नोकरी आणि झोप दोन्ही प्रिय आहेत." मग तो गंभीर झाला. "मी आठला आलो, तोवर धावपळ सुरू झाली होती. पण मी एक पाहिलं. काकांच्या हनुवटीखाली आडवी लाल रेघ होती. ताजी."

"माझ्या पट्ट्याच्या कडेला मऊ लोकरीचा नमदा असतो. रेघ उठत नाही."

"तेच म्हणतोय. ती तयार पट्ट्याच्या वाटीची रेघ. आणि ड्यूटीरूममध्ये तयार पट्ट्यांची पेटी उघडी होती, उंच मापाचा पट्टा वर टाकलेला. उंच माप, बाई! काकांच्या हनुवटीखाली दोन बोटं मावत नाहीत."

उंच माप कुणाला बसेल? ज्याची मान आधी सरळ ताणली आहे त्याला. त्या म्हाताऱ्या माणसाच्या उशा काढून, डोकं मागे दाबून, कुणीतरी त्याला मापात बसवलं होतं.

"ड्यूटीरूममध्ये सातला कोण असतं?"

फिजिओनं खिडकीबाहेर बघितलं. "तुम्हाला माहीत आहे कोण असतं. पण तो पोरगा असं करणार नाही. सगळ्यांत नीटनेटका आहे तो."

५

छोटे डॉक्टर आम्हा सगळ्यांचे लाडके. प्रत्येकाला नाव घेऊन नमस्कार करतात, पेन खिशात सरळ रेषेत लावतात. काल सुट्टीवर होते, परवाही. घड्याळकाकांना त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"सव्वासातला मी फेरी मारली, ताई," ते म्हणाले. आवाज शांत होता, डोळे मात्र लाल. "हात-पाय चालू होते. पट्ट्याला मी हात लावला नाही. तो तेव्हाच सैल वाटला होता, पण मला वाटलं, तुम्ही येऊन बघाल."

"काही बोलले का काका?"

"अगदी छान बोलले!" त्यांना जणू हा प्रश्न हवाच होता. "मला म्हणाले, डॉक्टर, या पंख्याचं एक पातं दुसऱ्याच कुठल्यातरी पंख्याचं आहे, चालवलात तर लंगडेल. म्हणजे बघा, किती शुद्धीवर होते."

मी "बरं" म्हटलं आणि निघाले. जिन्यात पोचले आणि पाय थबकले.

परत फिरले ती थेट वॉर्डात. काकांची चार नंबरची खाट आता रिकामी होती, चादर ताणून बसवलेली. मी चपला काढल्या, दोन उशा घेतल्या आणि त्या खाटेवर आडवी झाले.

"अहो, वेड लागलं का?" मोठ्या सिस्टर धावत आल्या. "तपासणीवाले जिन्यात आहेत!"

"येऊ देत. त्यांनाही झोपायचं असेल तर शेजारची खाट रिकामी आहे."

हनुवटी छातीला टेकवली. मला माझे पाय दिसले, पायांपलीकडचं कपाट दिसलं, दाराचा खालचा अर्धा भाग दिसला. डोळे ताणून दुखले तरी भिंतीच्या मध्याच्या वर काही दिसेना. मग मी दोन्ही उशा ढकलून दिल्या आणि डोकं गादीवर टाकलं.

पंखा बरोबर माझ्या नाकाच्या रेषेत होता. तीन पाती. दोन अरुंद, एक रुंद.

"सिस्टर, हा पंखा या आठवड्यात चालवलाय?"

"थंडीत कोण चालवतं? महिनाभर बंद आहे."

म्हणजे आवाजावरूनही कळण्यासारखं नव्हतं. तो पंखा डोळ्यांनीच दिसायला हवा होता, आणि तो दिसायला मान सरळ व्हायला हवी होती. तीस वर्षांनी त्या माणसाला छत दिसलं, आणि घड्याळं उघडून बसणाऱ्याची नजर ती, पहिल्याच फटक्यात त्यातली खोट सापडली. ती त्यांनी ज्याला सांगितली, तो त्या क्षणी त्यांच्या डोक्याशी उभा होता. मला रडू आलं. तपासणीचे तीन सदस्य दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते, तरी मी उठले नाही.

६

पावणेबाराला अतिदक्षता विभागात सगळे जमले. साहेबांच्या हातात तयार कडक पट्टा होता, उंच मापाचा. छोटे डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. बोलत नव्हते, आणि माझा खरा राग त्या न बोलण्यावर होता. चूक कुणाच्याही हातून होते. पण मान पुन्हा सरळ केली तर काय होईल हे या खोलीत दोघांनाच पक्कं माहीत होतं. त्यातली एक मी सकाळपासून ओरडत होते, आणि दुसरा गप्प होता.

"पुरावा?" साहेब म्हणाले.

"देते. आधी एक विनंती. हा पट्टा छोट्या डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं घालावा."

साहेबांना त्यात वावगं काही दिसलं नाही. छोट्या डॉक्टरांनी पट्टा घेतला, खाटेच्या डोक्याशी आले. मी समोर उभी राहिले, एक हात काकांच्या डोक्यामागे ठेवून. त्यांनी पट्टा पुढे केला असता तर मी मनगट धरणार होते, मग नोकरी गेली तरी चालेल.

पट्टा पुढे आला नाही.

"घाला ना," मी म्हटलं. "सकाळी घातलात तसा."

"ताई, मी..."

"त्या पंख्याचं एक पातं रुंद आहे, डॉक्टर. मी आत्ता पाहून आले. उशा काढल्याशिवाय, डोकं मागे टेकवल्याशिवाय तो दिसत नाही, आणि महिनाभर तो बंद आहे. यांच्या मुलीला विचारा, बापानं शेवटचं छत कधी पाहिलं ते. हनुवटीखाली वाटीची रेघ आहे, ड्यूटीरूममध्ये उंच मापाचा पट्टा पडला होता, आणि माझा पट्टा उलटा चढवलाय. कार्ड वाचून तुम्ही यांना सरळ केलंत. यांनी पंख्याचं सांगितलं, आणि मग?"

ते खाटेच्या दांड्याला धरून उभे राहिले. "मग म्हणाले, हाताला मुंग्या येताहेत," ते म्हणाले. "पाच मिनिटंच झाली होती. मी लगेच काढला, जुना चढवला. मला वाटलं, मुंग्या जातील. कार्डावर सरळ लिहिलं होतं, मला वाटलं कुणीतरी वाकडा बांधलाय, तपासणीच्या आधी नीट करून ठेवावं..."

"तेवढ्यावर तुम्हाला मी माफ केलं असतं," मी म्हटलं. "पण साहेब तोच पट्टा घेऊन पुन्हा आले, आणि तुम्ही भिंतीला टेकून उभे राहिलात."

मुलगी ओरडली नाही. ती फक्त बापाच्या पायाशी जाऊन उभी राहिली, तिथून ते तिला पाहू शकतील अशी.

मग कुणाच्या परवानगीची वाट न बघता मी कामाला लागले. फिजिओनं डोकं दोन्ही हातांत धरलं, एक केसही हलू न देता. मोठ्या सिस्टर दोन उशा घेऊन आल्या, नियम गेला उडत. पुढचा भाग आधी, मागचा त्यावर, पट्ट्या ओढून बंद. झोपेचं औषध कमी करायला लावलं. वीस मिनिटांनी फिजिओनं काकांच्या डाव्या तळहातात बोट दिलं. काही नाही. उजव्यात दिलं.

"अंगठा," तो म्हणाला. "बाई, अंगठा आहे."

७

साहेबांनी मला बाजूला घेतलं. पोराचं आयुष्य आहे, तपासणी आहे, इस्पितळाचं नाव आहे. अहवालात 'उपकरण सरकल्यामुळे' असं लिहिलं तर कुणाचंच नुकसान नाही.

"माझं आहे," मी म्हटलं. "आणि पुढच्या वाकलेल्या मानेचं आहे. उपकरण सरकलं नाही. लिहायचं तर घडलं तसं लिहा, नाहीतर मी लिहीन, आणि माझं अक्षर मोठं आहे."

"कार्ड मी लिहिलंय," मागून मोठ्या सिस्टर म्हणाल्या. आम्ही दोघांनी वळून पाहिलं. "माझं नाव पहिलं घाला. घाबरत नाही मी." त्यामागून छोटे डॉक्टर आले आणि त्यांनी साहेबांच्या हातातून कोरा कागद मागून घेतला. लिहिलं त्यांनी सगळं, वेळेसकट. ते वाचल्यावर माझा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा मी ठेवून घेतला, तो कामाला येतो.

पुढे काकांचा उजवा हात बऱ्यापैकी आला. डावा अर्धाच आला. त्या दुपारी मात्र आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. रुग्णवाहिकेत मी त्यांच्या डोक्याशी बसले, दोन्ही तळहात कानांलगत ठेवून. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी चालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तो बिचारा "हो ताई, हो ताई" म्हणत हळू चालवत राहिला. मुलगी समोर बसून बापाचा उजवा अंगठा बघत होती.

मोठ्या इस्पितळाच्या दारात चार माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली. त्यांच्या पुढे एक तरुण डॉक्टरीण होती, हातात तयार कडक पट्टा. तिनं काकांकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही मान अशी वाकडी कोणी बांधलीय?"

माझे हात जिथं होते तिथंच ठेवले.

"मी," मी म्हटलं. "आणि ती वाकडी नाही, बाळ. ती त्यांची आहे. तो हातातला पट्टा खाली ठेव, मग आपण बोलू."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. पट्टा तिनं खाली ठेवला.